कानातलं गाणं, मागची ट्रॉली

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. फराळाचे डबे रिकामे झाले आणि डॉक्टरांनी सांगितलं, "शुगर अगदी काठावर आहे. चाला, नाहीतर सायकल चालवा." चालायचा मला मनस्वी कंटाळा. मग लेकीची जुनी सायकल आठवली. दोन वर्षं ती जिन्याखाली जळमटं अंगावर घेऊन पडली होती. पंक्चर काढून घेतलं, चेनला तेल घातलं आणि पहाटे सहाला घराबाहेर पडले. तब्बल पंचवीस वर्षांनी सायकलवर बसत होते. वाटलं होतं, पहिल्याच वळणावर लोटांगण घालणार. पण पोहणं आणि सायकल एकदा आलं की माणूस विसरत नाही म्हणतात, ते खरं असावं.

तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, नुसती काय जातेस? गाणी ऐकत जा ना." तिने माझ्या मोबाइलमध्ये लताबाई, आशाबाई, सुमनताई अशी माझ्या आवडीची तीस-चाळीस गाणी भरून दिली. कानात तिचे ते बिनवायरचे इअरफोन बसवले. सासूबाईंनी लगेच टोला हाणला, "सोन्याचं कानातलं घाल म्हटलं तर टोचतं म्हणतेस, हे कानातलं बरं चालतं!"

पण खरं सांगते मैत्रिणींनो, त्या आठ-दहा दिवसांत मी जे सुख अनुभवलं त्याला तोड नाही. घरात गाणं लागतं ते कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीच्या गोंगाटात. इथे थंड वारा, शाळूचं शेत, पायडलवर पाय आणि कानात फक्त माझ्यासाठी वाजणारं गाणं. चढावरसुद्धा दम लागेना. सत्तेचाळीस वर्षांची बाई सतरा वर्षांची होऊन घरी यायची.

आणि मग एके दिवशी ती ट्रॉली आली.

आमच्याकडे दिवाळीनंतर उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. कारखान्याच्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रॅक्टर धावतात, एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. त्या दिवशी धुकं होतं. मागून ट्रॅक्टर येतोय हे मला कळलं, कारण त्याचा टेप माझ्या गाण्यापेक्षा मोठा होता. शहाण्यासारखी साइडपट्टीवर उतरले. ट्रॅक्टर गेला. पाठोपाठ ट्रॉली गेली. मी हँडल वळवून पुन्हा डांबरी रस्त्यावर आले आणि दुसऱ्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या कांड्यांचा असा फटका खांद्याला बसला की मी सायकलसकट चरीत.

ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात हे मला माहीत नाही का? सारा जन्म ऊसपट्ट्यात गेला. एरवी त्या ट्रॉलीचा खडखडाट लांबूनच सांगतो, "थांब गं बाई, अजून मी आहे." पण तो खडखडाट माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही. आणि बाई पडली हे ट्रॅक्टरवाल्याला कळलं नाही, कारण त्याचाही टेप जोरात. त्याचं गाणं त्याच्या कानात, माझं माझ्या कानात, आणि मध्ये माझं मरण वीतभर अंतरावरून निघून गेलेलं.

कोपर सोलवटलं, खांदा आठवडाभर ठणकत होता. घरी सांगितलं, खडीवरून घसरले. पहिल्यांदाच खरं सांगतेय ते इथे.

गाण्याने पाय हलके का होतात?

आता तुम्ही म्हणाल, मग कशाला हवीत ती सायकलवर गाणी? पण गाण्याने पाय हलके होतात हा माझ्या मनाचा खेळ नव्हता. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती व्हायच्या आणि मैदानात बँड वाजायचा. लिओनार्ड एअर्स नावाच्या अभ्यासकाने घड्याळ लावून नोंद ठेवली आणि १९११ मध्ये ती छापली. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा वेग ताशी साधारण साडेएकतीस किलोमीटर, आणि बँड थांबला की एकोणतीसच्याही आत! अलीकडे, २०१२ मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी दाखवलं की गाण्याच्या ठेक्यावर पायडल मारलं तर तेवढ्याच कामाला ऑक्सिजन थोडा कमी लागतो. म्हणजे ठेका सापडला की शरीर काटकसरीने चालतं.

हे आपल्या आज्यांना कुठल्या प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. जात्यावर बसलं की ओवी, कापणीला उतरलं की भलरी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! कष्ट हलके करायला बाईने किती गाणं जन्माला घातलं बघा.

माझे वडील शाळामास्तर. १९८० च्या सुमारास ते शेजारच्या गावी सायकलवरून जायचे, तेव्हा हँडलला पिशवी आणि पिशवीत ट्रान्झिस्टर. विविध भारतीवरची गाणी ऐकत मास्तर आले की रस्त्याकडेच्या शेतातली माणसंही मान वर करायची. त्या गाण्याने वडिलांचे कान बंद होत नव्हते. जात्यावरच्या बाईलाही पाळण्यातलं मूल रडलेलं ऐकू यायचं. फरक इथे आहे. गाणं तेच आहे, पण आता आपण ते कानाच्या दारात बूच बसवून ऐकतो.

गंमत म्हणजे जपानच्या सोनी कंपनीने १९७९ मध्ये पहिला वॉकमन काढला, तेव्हा त्यांनाही ही धास्ती होती. त्या यंत्राला दोघांसाठी हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि शेजारच्याशी बोलता यायचं. माणूस गाण्यात बुडून जगापासून तुटू नये, याची काळजी बनवणाऱ्यांनाच वाटली होती.

कान म्हणजे पाठीचा आरसा

स्कूटरला आरसा असतो. आपल्या सायकलला तो नसतो. सायकलवाल्या बाईचा आरसा म्हणजे तिचे कान. डोळे पुढचं आणि थोडं बाजूचं बघतात, कान मात्र चारी दिशांनी पहारा देतात.

तेही दोन्ही कान लागतात. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकाने नंतर. एवढ्याशा फरकावरून मेंदू हिशेब करतो की गाडी कोणत्या बाजूने येतेय. म्हणून "मी एकाच कानात घालते" म्हणणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवायला हवं. एका कानाने हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठून येतोय हे पटकन उमगत नाही. बावचळून आपण नेमके चुकीच्या बाजूला हँडल वळवतो.

आता थोडं गणित. ताशी ६० किलोमीटरने येणारी एसटी सेकंदाला सोळा-सतरा मीटर अंतर कापते. आपण ताशी १२ ने चाललो तर सेकंदाला तीन-सव्वातीन मीटर. ती एसटी आपल्या मागे ५० मीटरवर असेल, तर आपल्यापर्यंत पोचायला तिला चार सेकंदही लागत नाहीत. गाण्याचं एक कडवं संपायच्या आत सगळं होऊन जातं.

त्यात आता नवी भर. बॅटरीवरच्या स्कूटर आणि ई-रिक्षा आपल्या तालुक्याच्या गावांतही आल्या आहेत. धूर नाही हे चांगलंच, पण आवाजही नाही. युरोपात तर २०२१ पासून नव्या इलेक्ट्रिक मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज करणारं यंत्र सक्तीचं केलं आहे, कारण पायी चालणाऱ्याला त्या येतात हे समजत नव्हतं. उघड्या कानांनाही जी गाडी जेमतेम ऐकू येते, ती बंद कानांना काय येणार?

शिवाय कानांच्या तब्येतीचं काय? वाऱ्याचा आणि वाहनांचा आवाज वाढला की आपण गाण्याचा आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण तोच ९० झाला तर फक्त चार तास. रोज शाळेला जाता-येता एक तास मोठ्याने ऐकलं तर आठवड्याचा कोटा गुरुवारीच संपला!

बाहेरच्या देशांनी यावर आपापले नियम केले आहेत. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून सायकलवर इअरफोन घालायला बंदी केली, दंड १३५ युरो. नेदरलँड्समध्ये सायकलवर फोन हातात धरायला २०१९ पासून मनाई आहे, पण कानात गाणं चालतं. तिथे सायकलींना बहुतेक ठिकाणी वेगळा रस्ता आहे, हे मात्र विसरू नका. आपल्याकडे सायकल मोटार वाहन कायद्यात मोटार वाहन म्हणून मोडत नाही आणि सायकलचा वेगळा रस्ताही नाही. आपल्या वाट्याला असते ती साइडपट्टी, तीही खडी, वाळू आणि लावलेल्या गाड्या सोडून उरेल तेवढी.

"काकू, गाणं चालूच नसतं"

हे सगळं मी वहीत छान उतरवून काढलं. आमच्या बचत गटातर्फे जवळच्या शाळेत किशोरी मेळावा घेतो, त्यात मुलींना सांगायचं ठरवलं. या मुली आजूबाजूच्या वस्त्यांवरून तीन-चार किलोमीटर सायकलने येतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, त्यातल्या काहींच्या सायकली अशाच आलेल्या. ती सायकल नसती तर यातल्या कितीतरी जणींची शाळा सातवीलाच सुटली असती.

मी माझ्या ट्रॉलीची गोष्ट सांगितली. मुली हसल्या, मग गप्प झाल्या. विचारलं, "सायकलवर कानात घालून कोण कोण येतं?" निम्म्याहून जास्त हात वर. माझं गणित, माझा कानाचा आरसा, सगळं सांगून झालं. शेवटी मी विजयी मुद्रेने म्हटलं, "मग उद्यापासून बंद ना?"

नववीतली एक किडकिडीत मुलगी उठली. म्हणाली, "काकू, माझं गाणं चालूच नसतं."

मला कळेना. "मग घालतेस कशाला?"

"आमच्या फोनमध्ये रिचार्जच नसतो. फोन पण घरीच असतो, वडिलांकडे. मी नुसती वायर घालते आणि टोक खिशात सोडते."

वर्गात कुणी हसलं नाही. तिची मैत्रीण खाली बघत म्हणाली, "ती टपरीवरची पोरं बोलतात ना काकू. कानात असलं की त्यांना वाटतं हिला ऐकू जात नाही. मग थोडा वेळ बोलतात आणि सोडून देतात. ऐकू आलंय हे कळलं की जास्त बोलतात."

मैत्रिणींनो, माझी वही माझ्या हातात तशीच राहिली. मी त्यांना मागच्या ट्रॉलीबद्दल सांगायला गेले होते. त्यांच्या मागे काय येतंय हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्यासाठी ते कानातलं म्हणजे हौस होती. त्या पोरींसाठी ते चिलखत होतं. आणि मी ते काढून ठेवा म्हणून सांगत होते!

घरी येऊन लेकीला विचारलं, "तूही त्यासाठीच घालतेस का गं?" ती अकरावीला आहे, कॉलेजला सायकलने जाते. म्हणाली, "कधी कधी." मग जरा थांबून, "तुला सांगितलं असतं तर तू सायकल बंद केली असतीस." तिचं काही चुकलं नाही. बहुतेक मी तेच केलं असतं. आपण आया काय करतो? रस्ता वाईट असला की पोरीलाच घरी बसवतो. मग पोरी सांगत नाहीत आणि कानात वायर घालून निमूट पायडल मारतात.

मग आम्ही काय केलं?

भांडायला गेलो नाही. बचत गटातल्या आम्ही पाचजणी शाळा सुटायच्या वेळेला त्या टपरीसमोरच्या बाकावर चहा प्यायला जाऊन बसलो. पहिल्या दिवशी टपरीवाला गोंधळला. पोरं चुळबुळ करायला लागली. त्यातला एक तर आमच्यातल्याच एकीचा पुतण्या निघाला! "काकी, तू इथं कशी?" ती शांतपणे म्हणाली, "चहा चांगला मिळतो म्हणे." पंधरा दिवस आम्ही पाळीपाळीने तो चहा प्यायलो. बाक भरलेला असल्यामुळे पोरांना बसायला जागाच उरली नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी एका वस्तीच्या मुलींना एकत्र बाहेर सोडायला सुरुवात केली. त्यांनी मुलींना कायदाही समजावून सांगितला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ७९ प्रमाणे बाईची अब्रू दुखावण्याच्या हेतूने काढलेला शब्द, आवाज किंवा केलेला हावभाव हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाठलागासाठी कलम ७८ आहे. तातडीने मदत हवी असेल तर ११२ आणि अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी १०९८ हे नंबर त्यांनी दप्तरातल्या वहीवर लिहून घ्यायला लावले.

आणि मी माझं भाषण बदललं. आता मुलींना एवढंच सांगते:

- एसटी, ट्रक, ट्रॅक्टर चालतात त्या रस्त्यावर दोन्ही कान उघडे ठेवा. चौक, पूल आणि वळण आलं की गाणं बंद.
- ट्रॅक्टर गेला की लगेच रस्त्यावर येऊ नका. मनातल्या मनात ट्रॉल्या मोजा. एक गेली, दुसरी आहे का? आधी मान वळवून बघा, मग हँडल वळवा.
- कॅनॉलच्या किंवा शेताच्या मोकळ्या वाटेवर गाणं ऐकायचंच असेल तर बारीक आवाजात, आणि उजवा कान मोकळा ठेवून. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, वाहनं उजवीकडून पुढे जातात.
- बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे इअरफोन येतात, ते घरी अभ्यासाला ठीक. सायकलवर मुळीच नको.
- गाणं बदलायला फोन खिशातून काढायचा असेल तर सायकल थांबवून पाय टेका.
- मागच्या मडगार्डला चमकणारी लाल पट्टी लावा आणि घंटी वाजते ना ते बघा. आपल्याला ऐकू येणं जितकं गरजेचं, तितकंच आपण दिसणंही.
- आणि कुणी बोललं, मागे आलं, तर घरी सांगा. आयांनो, पोरीने सांगितलं तर तिची सायकल बंद करणार नाही, असा शब्द आधी द्या.

गात गात जाणाऱ्या बाया

हे करताना मला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्याची आठवण झाली. तिथे १९९१ च्या सुमाराला साक्षरता मोहिमेत, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, हजारो खेडवळ बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीताई, सगळ्या. १९९२ च्या महिला दिनी दीड हजारावर बाया सायकलींवरून शहरात उतरल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी याबद्दल फार सुंदर लिहिलं आहे. टवाळी त्यांचीही झाली, घाणेरडे शेरे त्यांनीही ऐकले. पण मोहिमेतल्या एका कार्यकर्त्याने त्यांच्यासाठी सायकल शिकण्याचं एक गाणं लिहिलं आणि ते त्या बायांच्या तोंडी बसलं. त्यांनी कान झाकले नाहीत. सगळ्या मिळून सायकलीवर बसल्या, रस्त्यावर उतरल्या आणि गायल्या.

मीही आता तेच करते. कारखान्याच्या रस्त्यावर कानात काही नाही. कॅनॉलच्या वाटेला लागले की स्वतःच गाते. सुरांचं काय ते म्हशींना माहीत! सासूबाई म्हणतात, "कानातलं गेलं वाटतं?" मी म्हणते, "गळ्यातलं सापडलं."

परवा शाळेजवळ ती किडकिडीत मुलगी भेटली. चारजणी होत्या, मोठमोठ्याने कुठलंसं गाणं म्हणत चालल्या होत्या. मला बघून थांबली. वायर गळ्यात लोंबत होती. मी नुसतं बघितलं, तशी तिनेच सांगितलं, "काकू, टपरीपाशी आता नाही घालत. ती पोरं तिथं नसतात. मोरीवर जाऊन बसतात, म्हणून मोरीपाशी घालते."

म्हणजे आता आम्हाला मोरीवर जाऊन बसायला हवं. तिथे चहाची टपरी नाही. थर्मास कोणी आणायचा, एवढंच ठरायचं राहिलंय.